सहाच्या तासाची गाडी

आमचे घरमालक कुणी भेटलं की नमस्कार करत नसत. "येतंय?" असं विचारत. पस्तीस वर्षं टेलिफोन खात्यात केबल जोडण्याचं काम केलेला माणूस. रस्त्यातल्या खड्ड्यात बसून एकेक तार जोडायची आणि दुसऱ्या टोकाच्या माणसाला विचारायचं, येतंय का आवाज? ती सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही. समोर हातभर अंतरावर उभ्या असलेल्या माणसालाही ते हेच विचारत. "येतंय" म्हटलं की पुढचं बोलणं सुरू. मी एकदा गंमत म्हणून "नाही येत" म्हटलं, तर दोन पावलं पुढे आले आणि तितक्याच गंभीरपणे पुन्हा विचारलं, "आता?"

त्यांना जाऊन सात महिने झाले. मी हे सावकाश लिहितेय, कारण घाईत लिहिलं तर त्यांचं हसं तेवढं होईल, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते.

मीरा रोडच्या शांती नगरमध्ये त्यांचे शेजारी शेजारी दोन फ्लॅट. मोठ्यात ते आणि काकू, लहानात मी, अकरा वर्षं भाडेकरू. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते, म्हणून ते मला "लायब्ररी" म्हणत. "काय लायब्ररी, आज कुठलं पुस्तक कुणी परत केलं नाही?" माझं खरं नाव त्यांना ठाऊक होतं, भाडेकरारावर त्यांनीच लिहिलं होतं, पण वापरलं कधी नाही.

काकू गणिताच्या शिक्षिका. त्याही निवृत्त, पण त्यांचा एक तास चालूच होता. रोज संध्याकाळी सहा ते सात, रविवार सोडून, दहावीची पाच मुलं, कॉम्प्युटरवर. शाळा बंद होत्या तेव्हा हा तास सुरू झाला आणि शाळा उघडल्यावरही थांबला नाही. दरवर्षी पाच जुनी मुलं जात, पाच नवी येत. कुणी इथलंच मीरा रोडचं, कुणी पालघरकडचं, एक मुलगी तर डहाणूच्या आत कुठल्याशा पाड्यावरची. काकूंनी नोकरीत कधी तास बुडवला नव्हता, याही तासाचं तसंच. सहाला पाच कमी असताना त्या केस नीट करून, पदर सारखा करून टेबलाशी बसत. त्या तासात आमच्या मजल्यावर कुणी मिक्सर लावत नसे.

आणि काकांना हिंडायचं होतं. निवृत्तीनंतर दोन वर्षांनी त्यांनी एका शाळेची जुनी बस घेतली, बाकं काढून आत दोन पलंग, शेगडी, पाण्याची टाकी आणि घडी होणारं टेबल बसवलं. आरटीओच्या खेपा घालून रीतसर कागद करून घेतले. बाहेरून पांढरा रंग दिला, तरी पावसाळ्यानंतर खालचा पिवळा ठिकठिकाणी डोकावत असे. गाडी सोसायटीच्या आवारात उभी. सेक्रेटरी जाता-येता विचारायचे, "अंकल, ये गाड़ी निकलेगी कब?"

"निकलेगी. नेट आया तो निकलेगी."

"गाड़ी डीज़ल से चलती है ना, अंकल?"

"हमारी बीवी से चलती है," काका म्हणाले.

ते खरंच होतं. काकू यायला तयार होत्या, पण एका अटीवर. गाडी कुठेही जावो, सहाचा तास झाला पाहिजे. ज्या दिवशी तास बुडेल त्या दिवशी गाडी घराकडे वळेल, आणि पुन्हा निघणार नाही. काकूंनी हे एकदाच सांगितलं, भाजी निवडताना, मान वर न करता. काकांनी वाद घातला नाही. मला नंतर जिन्यात म्हणाले, "बरोबर आहे तिचं. मुलं काय आपली वाट बघत बसणार?" आणि मग जरा वेळाने, "आयुष्यभर लोकांचं बोलणं कुठल्या कुठे पोचवलं, लायब्ररी. मी स्वतः कुठे पोचलो नाही."

पहिला प्रयत्न फसला. तोही आमच्याच हद्दीत. उत्तनच्या पुढे चौक गावात, समुद्राच्या बाजूला गाडी लावली, काकूंनी टेबल उघडलं, फोनवर रेंजच्या सगळ्या कांड्या दिसत होत्या. तास सुरू झाला आणि अकराव्या मिनिटाला काकूंचा चेहरा मुलांच्या पडद्यावर तोंड उघडं ठेवून थिजला. मुलं हसली असतील. काकू हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढून त्याची घडी केली आणि म्हणाल्या, "घरी."

काका गाडी चालवत परत आले. दारात पोचल्यावर उलटून म्हणाले, "महानगरपालिकेची हद्द आपण ओलांडलीच नव्हती. म्हणजे प्रवास सुरू झाला नव्हता. ही चाचणी होती."

काकू कुलूप उघडत होत्या. "एकदाच," त्या म्हणाल्या. "पुढच्या वेळी हद्द दाखवू नका मला."

त्यानंतरचे सहा महिने त्यांनी ज्या चिकाटीने काढले ती मी भिंतीपलीकडून आणि पुष्कळदा शेजारी बसून पाहिली. रोज दुपारी गाडी घेऊन मुर्ध्याच्या जुन्या मिठागरांपाशी जायचे. पत्र्याच्या डब्यात बसून फोन धरला तर आवाज बाहेर जाणार कसा, हे त्यांच्या पहिल्या दिवशी लक्षात आलं आणि ते स्वतःवरच चिडले. मग गाडीबाहेर लावायचा अँटेना आणला. तो उंच धरायला खांब हवा म्हणून चौकच्या एका कोळ्याकडे बांबू मागायला गेले. मी बरोबर होते. कोळी जाळं शिवत बसला होता.

"काका, ही मासं सुकवायची काठी हाय," तो म्हणाला. "हिच्यावर तुमी काय सुकवणार?"

"इंटरनेट."

"ओला असतो काय तो?"

"आत्ता तरी भिजलेलाच आहे," काका म्हणाले. कोळ्याने सगळ्यात सरळ काठी निवडून दिली आणि वर सांगितलं की वाऱ्यात ही वाकेल, मोडणार न्हाय.

फोनवरच्या कांड्यांवर त्यांचा विश्वास उरला नव्हता. "कांड्या बघू नकोस. कांड्या म्हणजे दुकानाची पाटी. आत माल आहे का ते बघ." आणि माल बघण्याचीही त्यांची स्वतःची पद्धत होती. एक फोटो इंटरनेटवर चढवायचा आणि घड्याळ लावायचं. सगळे लोक उतरतं किती ते बघतात, ते म्हणत, कारण सगळ्यांना बघायचं असतं. शिकवणाऱ्याचं चढलं पाहिजे. काकूंचा फळा चढला पाहिजे. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की ग्रंथालयात एखादं पुस्तक वरच्या फळीवर ठेवतानाही मला ते आठवतं.

मग एक यंत्र आलं, ज्यात दोन कंपन्यांची दोन सिमं एकदम बसत. एक झोपली तर दुसरी जागी. त्याला वेगळी बॅटरी. आणि एक वही. माझं अक्षर बरं म्हणून वही माझ्याकडे. डावीकडे जागा, मग टॉवर कुठल्या दिशेला, मग चढतं किती, उतरतं किती, आणि शेवटी एक रकाना त्यांनी स्वतः आखला होता: "बाई कुठे उभ्या राहतात."

हा रकाना ही त्यांची खरी विद्या. पुढे प्रवासात नव्या गावात शिरलं की ते कुणाला "इथे नेटवर्क येतं का" असं विचारत नसत. लोक सरळ "येतं" म्हणतात, आपल्या गावाला नाही कोण म्हणेल. ते एखाद्या वयस्क बाईला गाठत आणि विचारत, "मावशी, मुलीचा फोन आला की कुठे उभ्या राहता?" आणि बाई एका क्षणाचाही विचार न करता बोट दाखवत. पारावर नव्हे, पाराच्या मागे. शाळेच्या तिसऱ्या पायरीवर. गोठ्याच्या कोपऱ्यात, पण म्हशीच्या अलीकडे. प्रत्येक गावात अशी एक जागा असते आणि ती सासरी गेलेल्या मुलींच्या आयांना माहीत असते. काका तिथे जाऊन काठी उभी करत, फोटो चढवत, आणि नव्वद टक्के वेळा मावशी बरोबर निघत. एकदा आम्ही दोन दिवस एका शेळ्यांच्या वाड्याला लागून गाडी लावली होती. डहाणूच्या मुलीने तासात विचारलं, "बाई, तुमच्या वर्गात कोण नवीन आलंय?" काकू म्हणाल्या, "आलेत, पण गृहपाठ खाऊन टाकतात." त्या बाहेर कधी असं बोलत नसत. गाडीने त्यांना थोडं सैल केलं होतं.

काका गेले त्या दिवशी तास झाला नाही. दुपारी झोपले ते उठले नाहीत. मुलांना कळवायचं कुणाला सुचलं नाही, सहाला पाचही जणं आपापल्या पडद्यावर येऊन बसली आणि सातपर्यंत बसून राहिली, हे आम्हाला नंतर कळलं. चौथ्या दिवशी काकूंनी सहाला पाच कमी असताना टेबल पुसलं, यंत्राचं बटण स्वतः दाबलं. गाडी अजून आवारात आहे. त्यांच्या मुलाने परदेशातून सांगितलं, विकून टाक. सेक्रेटरींनीही हळुवारपणे विचारलं. काकू त्यांना म्हणाल्या, "अभी रुकिए. ये सीख रही है." ये म्हणजे मी. बावन्नाव्या वर्षी मोठी गाडी चालवायला शिकतेय. शिकवणारा मला दर वळणावर विचारतो, मॅडम, पक्का ना? मी पक्कं म्हणते.

पण मला जे सांगायचंय ते त्यांच्या पहिल्या खऱ्या प्रवासातलं.

हिवाळ्यात निघालो होतो, तिघं. मला त्यांनी वहीसाठी घेतलं असं सांगितलं; खरं तर काकूंच्या सोबतीला. किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेला. नियम असा की दुपारी दोनच्या आत मुक्काम गाठायचा, मग काठी, मग फोटो, मग जेवण. पंधरा दिवसांत एकही तास तुटला नाही. काका दर संध्याकाळी सात वाजता गाडीला एक फेरी मारून येत आणि पायऱ्यांवर बसून चहा पीत. तेवढाच त्यांचा विजयोत्सव.

सोळाव्या दिवशी सिंधुदुर्गातल्या एका खाडीकाठच्या गावात होतो. सगळं उत्तम. टॉवर समोर दिसत होता, दोन्ही सिमं जागी. सव्वापाचला काकांनी शेवटची चाचणी म्हणून फोटो चढवायला घेतला आणि तो चढेना. पहिली कंपनी गेली. त्यांनी शांतपणे दुसरी लावली. दुसरीही गेली. ते गाडीतून उतरले, टॉवरकडे डोळ्यांवर हात धरून बराच वेळ बघत राहिले, आणि मग पायरीवर बसले.

"दोन्ही कंपन्या एकाच खांबावर आहेत," ते म्हणाले. "गावात सकाळपासून वीज नाही. खांबाची बॅटरी संपली. खांब मेला, दोघी मेल्या."

मला त्यातलं गांभीर्य लगेच कळलं नाही. त्यांना कळलं होतं. "पस्तीस वर्षं लोकांना सांगितलं, एका लाइनवर भरवसा ठेवू नका, दुसरा रस्ता ठेवा. आणि स्वतः दोन रस्ते घेतले ते एकाच पुलावरून जाणारे. बघितलंच नाही मी. सोळा दिवस एकदाही मान वर करून मोजलं नाही." त्यांचा चेहरा खड्ड्यात चुकीची तार जोडल्यासारखा झाला होता. मग त्यांनी खिशातून गाडीची किल्ली काढून काकूंच्या टेबलावर ठेवली. "अट ती अट. सहाला वळवतो."

काकूंनी किल्लीकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. सहाला पंचवीस कमी. "अजून बुडलेला नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही त्यांना विचारलंत का?"

त्यांना म्हणजे समोरच्या अंगणात सुकट गोळा करणाऱ्या आजींना. त्यांनीच दुपारी आम्हाला फोनची जागा दाखवली होती. काका उठले आणि कुंपणापाशी गेले. त्यांचा आवाज पडलेला होता. "आजी, टॉवर बंद पडला तर मुलीचा फोन कुठे घेता?"

"सड्यार," आजी म्हणाल्या, जणू हे काय विचारायचं. गावामागचा जांभ्या कातळाचा माळ दाखवला. "टावर गेलो काय आमी सगळी सड्यार जातंव. थंय पल्याडचो टावर गावता." मग काकूंच्या पायांकडे बघून, "बाई, तुमका चढाक जमतला काय?"

गाडी चढणार नव्हती, पायवाट होती. काकूंचे गुडघे आमच्या जिन्यातही कुरकुर करत. त्यांनी पदर खोचला. मी यंत्र, बॅटरी आणि टेबलावरची किल्ली पिशवीत घेतली, काकांनी काठी आणि अँटेना, आजींनी न विचारता काकूंचा हात धरला. वर पोचलो तेव्हा सहाला चार मिनिटं कमी होती.

सड्यावर अर्धं गाव होतं. पंधरा-सोळा माणसं, सगळी खाडीपलीकडे तोंड करून, एकमेकांपासून चार हात अंतर ठेवून आपापल्या माणसांशी बोलत होती. कुणी मुंबईच्या मुलाला वीज नसल्याचं सांगत होतं. एक तरुण बाई फोनच्या पडद्यावरच्या नवऱ्याला कडेवरचं मूल दाखवत होती. तो जहाजावर होता, आजींनी सांगितलं, बंदराला लागला की दिसतो.

कातळात काठी रोवता येईना. काका ती दोन्ही हातांनी धरून उभे राहिले आणि पलीकडच्या टॉवरकडे अँटेना फिरवत राहिले. मी फोटो चढवला. चढत होता, पण मुंगीच्या पावलाने. काकांना कारण दिसत होतं. एक लांबचा टॉवर आणि सोळा फोन.

त्यांनी घसा साफ केला. ते सहसा कुणाकडे काही मागत नसत. "मंडळी, एक विनंती. मुलांचा तास आहे. तासभर जर सगळ्यांनी फोन बंद ठेवले तर..."

लोक बघायला लागले. कोकणी माणसं पाहुण्याला तोंडावर नाही म्हणत नाहीत. दोघा-तिघांनी फोन खाली केले. त्या तरुण बाईने एकदा काकूंकडे बघितलं, नवऱ्याला काहीतरी सांगितलं आणि बोट पडद्यावर नेलं.

"चालू ठेव गं," काकू म्हणाल्या.

"अगं, चढत नाहीये," काका म्हणाले. "फळा जाणार नाही."

"त्यांचं बोलणं तोडून माझा तास नको मला. फळा जात नाही ना? मग चित्र बंद करा. आवाज जाईल?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी चित्र बंद केलं. आवाजाला कितीशी जागा लागते.

सहा वाजले. काकू एका धोंड्यावर बसल्या, फोन तोंडाजवळ धरला. त्यांनी कारण सांगितलं नाही, माफी मागितली नाही. "मुलांनो, आज मी दिसणार नाही. वह्या उघडा. मी सांगते तसं काढा. एक वर्तुळ. केंद्राला नाव द्या ओ. आता वर्तुळाच्या बाहेर एक बिंदू घ्या. त्याचं नाव पी."

"बाई, माझं वर्तुळ पानाबाहेर चाललंय," डहाणूचा आवाज.

"चालू दे. पीला जागा ठेवलीस का? मग झालं. पीपासून वर्तुळाला स्पर्श करणारी एक रेघ काढा, वरून. आता दुसरी, खालून. मोजू नका. दोन्ही सारख्या आहेत, हे आपण मोजल्याशिवाय दाखवणार आहोत."

तासभर त्यांनी न दिसणारं वर्तुळ पाच ठिकाणी काढून घेतलं. कुणाचं चुकलं की आवाजावरून ओळखत होत्या. आजूबाजूची माणसं बोलत होती, पण हळूहळू आवाज खाली येत गेले. जहाजावरच्या नवऱ्याशी ती बाई शेवटपर्यंत बोलली, कुजबुजत. वारा खाडीवरून थेट येत होता आणि काठी वाकत होती. काका दर वेळी ती परत जागेवर आणत. एकदा मी म्हटलं, मी धरते. त्यांनी मान हलवली. मी यंत्रावरचा दिवा बघत बसले. तो एकदाही लाल झाला नाही.

सात वाजता काकूंनी "उद्या पुढचं प्रमेय" म्हणून फोन ठेवला. अंधारून आलं होतं. काका तसेच उभे होते. बोटं काठीभोवती घट्ट बसली होती, उघडत नव्हती. काकू उठून त्यांच्याजवळ गेल्या, आणि एकेक बोट सोडवू लागल्या, करंगळीपासून.

"ऐका," त्या म्हणाल्या. "ती अट मी काढून घेतली. यापुढे एखादा तास बुडला तर बुडला. आपण पुढे जायचं."

लग्नाला चाळीस वर्षं झालेल्या बाईने दिलेलं हे केवढं मोठं दान होतं, ते मला समजलं. मला वाटलं, काका आता काठी टाकतील.

"नको," ते म्हणाले. "अट राहू दे."

"अहो, पण..."

"अट काढलीस तर उद्यापासून मी चांगली हवा बघून गाडी लावेन. मग झाडाची सावली बघून. मग कुठेही." दुसरा हात त्यांनी स्वतःच सोडवला. "राहू दे ती. मला पुष्कळ लांब जायचंय."

काकूंनी माझ्या पिशवीतली किल्ली काढून त्यांच्या खिशात घातली. काका काठी खांद्यावर घेऊन पायवाटेला लागले, आणि चार पावलांवर थांबून आजींना विचारू लागले की पुढच्या गावात कुणाची मुलगी दिली आहे.